फोनमधल्या दोनशे फाइली आणि परीक्षेचा अभ्यास

या सदराकडे गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी महाविद्यालयात शिकणाऱ्यांची आहेत आणि त्यांतला विषय जवळजवळ एकच आहे. अभ्यासाचे साहित्य आता कागदाऐवजी फाइलींच्या रूपात हाती येते, ते वापरावे कसे, हा तो विषय. मी आयुष्याची बरीच वर्षे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली असल्यामुळे संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे सोपवली. त्यांतील पाच येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर सर नोट्स टाकतात, सीनियर मुली जुन्या फाइली पाठवतात, काही मी स्वतः डाउनलोड केल्या आहेत. आज माझ्या फोनमध्ये दोनशेच्या वर पीडीएफ आहेत. रोज दोन-तीन तास वाचते, पण पेपर लिहायला बसले की काहीच आठवत नाही. फोनवर वाचून अभ्यास होतच नाही का?
— एक विद्यार्थिनी, बीड जिल्हा

उत्तर : अभ्यास होतो, परंतु आपोआप होत नाही, आणि दोनशे फाइली घेऊन तर मुळीच होत नाही. म्हणून वाचनाकडे वळण्याआधी या ढिगाकडे पाहू. महाराष्ट्रातील विद्यापीठांना संलग्न असलेल्या महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम बदलले आहेत. सीनियर मुलींनी मोठ्या मायेने पाठवलेल्या नोट्स जुन्या पॅटर्नच्या असण्याची शक्यता त्यामुळे फार मोठी आहे. एखादा विषय नव्या अभ्यासक्रमात त्याच नावाने असतो, पण त्याची प्रकरणे बदललेली असतात. कधी तोच भाग दुसऱ्या सत्रात गेलेला असतो. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तुमच्या वर्षाचा आणि तुमच्या विषयाचा अभ्यासक्रम घ्या, तो वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने उतरवा आणि मग प्रत्येक फाइल त्याच्याशी ताडून पाहा. जिच्यावर लेखकाचे नाव नाही, वर्ष नाही आणि जिच्यातील मजकूर कोणत्या पुस्तकातून घेतला हे कळत नाही, ती फाइल बाजूला काढा. माझा अंदाज असा आहे की दोनशेतून वीस-पंचवीस उरतील. त्यांना विषय, प्रकरण आणि वर्ष असे नाव द्या, कारण 'न्यू डॉक्युमेंट फायनल' या नावाची फाइल परीक्षेच्या आदल्या रात्री कोणालाही सापडत नाही.

आता वाचनाविषयी. पडद्यावर वाचलेले कागदाइतके उमजत नाही, ही तुमची शंका निराधार नाही. स्पेनमधील पाब्लो डेल्गादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली या विषयावरचे २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत सहभागी झालेल्यांची संख्या १ लाख ७० हजारांहून अधिक होती. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना तो अधिक चांगला समजतो आणि वेळेचे बंधन असेल तर हा फरक वाढतो, असे त्यांना आढळले. केवळ कथात्म मजकूर वाचताना मात्र असा फरक दिसला नाही. म्हणजे फोनवर कादंबरी रंगून वाचता येते म्हणून अर्थशास्त्राचे प्रकरणही तसेच वाचता येईल, असे धरून चालता येत नाही. हा फरक फार मोठा नाही, परंतु आहे, आणि तो भरून काढण्याचे काम वाचणाऱ्याला करावे लागते.

माझ्या अनुभवात यातील खरी अडचण बोटांची आहे. छापील पानावर डोळा थांबतो, मागे जातो, पेन्सिल एखाद्या ओळीखाली रेघ ओढते आणि 'डावीकडच्या पानावर खाली ती आकृती होती' अशी आठवण मनात राहते. फोनवर अंगठा मजकूर वर ढकलत राहतो आणि आपण वाचत आहोत असा भास होतो. त्यावर मी विद्यार्थ्यांना सांगत आलो तो उपाय साधा आहे. एका बैठकीत एकच प्रकरण घ्यावे, मोबाइल डेटा बंद करावा आणि जवळ वही ठेवावी. दोन-तीन पाने वाचून झाली की फोन उलटा ठेवावा आणि जे समजले ते स्वतःच्या शब्दांत चार-पाच वाक्यांत लिहावे. घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम वाचला असेल तर त्याचा वक्र न पाहता काढावा आणि तो खाली का उतरतो हे शेजारी लिहावे. लिहिता आले नाही, तर ती पाने वाचली गेलीच नव्हती असे समजून पुन्हा वाचावीत. मजकुराशेजारी फाइलीचे नाव आणि पानाचा क्रमांक टिपून ठेवावा, म्हणजे उजळणीच्या वेळी दोनशे फाइली चाळाव्या लागत नाहीत. उजळणी या वहीवरूनच करावी, फोनवरून नव्हे.

एक गोष्ट खर्चाचीही आहे. जे प्रकरण तीनदा वाचावे लागणार हे नक्की आहे, तेवढ्याची प्रिंट काढून घ्या. वीस पानांच्या छपाईला जो खर्च येतो, तो सगळ्या फाइली छापण्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे, आणि नेमके कोणते प्रकरण छापावे हे ठरवतानाच अभ्यासाला सुरुवात झालेली असते.

प्रश्न : मी बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकतो. आम्हाला सांगितलेल्या इंग्रजी पुस्तकांच्या किमती परवडत नाहीत. टेलिग्रामवर ही सगळी पुस्तके फुकट मिळतात आणि आमच्या वर्गात सर्वजण तीच वापरतात. एका मित्राने सांगितले की हा गुन्हा आहे. खरे काय?
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : तुमचा मित्र चुकीचे सांगत नाही, पण कायदा विद्यार्थ्याच्या बाजूने जितका उभा आहे तितका तो तुम्हाला कोणी सांगितलेला नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील ५२ वे कलम खासगी अभ्यास आणि संशोधन यांसाठी साहित्याचा रास्त वापर करण्यास मुभा देते, तसेच अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतींनाही. या तरतुदीची मोठी परीक्षा दिल्लीत झाली. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानात प्राध्यापकांनी नेमलेल्या वेचक प्रकरणांचे संच झेरॉक्स करून मिळत असत. त्यावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी तो फेटाळला. त्याच वर्षी ९ डिसेंबरला त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने असे म्हटले की शिकवण्याच्या हेतूसाठी जितके आवश्यक आहे तितके साहित्य पुनर्मुद्रित करणे हे उल्लंघन ठरत नाही.

पण या निकालाचा आधार 'शिकवण्यासाठी आवश्यक तितके' हा आहे. कोणीतरी अख्खे पुस्तक स्कॅन करून हजारो अनोळखी लोकांच्या गटावर टाकणे या चौकटीत बसत नाही, आणि ती फाइल पुढे पाठवणारा त्या वाटपात सामील होतो. काही गट अशा फाइलींचे पैसेही घेतात. तेथे तर एक रुपयाही देऊ नका. शिवाय या प्रती बहुधा जुन्या आवृत्तीच्या असतात, मधली पाने गळालेली असतात, आणि भौतिकशास्त्रात एका समीकरणातील चिन्ह पुसट झाले तरी पुढची सारी आकडेमोड चुकते.

मग करावे काय? प्रथम महाविद्यालयाच्या ग्रंथपालांकडे जा आणि 'एन-लिस्टचे लॉगिन मला मिळेल का' असे विचारा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रामार्फत चालणाऱ्या या योजनेत सभासद महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना हजारो नियतकालिके आणि लाखाहून अधिक ई-पुस्तके घरबसल्या वाचता येतात. अनेक महाविद्यालये वर्षानुवर्षे तिची वर्गणी भरतात आणि लॉगिन मागायला वर्गातून एखादाच विद्यार्थी येतो. हे मला नोकरीत असताना खुपत असे आणि आजही खुपते. दुसरी जागा म्हणजे खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय. तेथे नोंदणी मोफत आहे, परंतु त्यातील प्रत्येक नोंद उघडून वाचता येईलच असे नाही. काही ठिकाणी केवळ मूळ संग्रहाकडे जाणारा दुवा असतो. भौतिकशास्त्रासाठी एनपीटीईएल फार उपयोगी पडेल. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या या उपक्रमात प्राध्यापकांची पूर्ण व्याख्यानमाला मोफत पाहता येते. 'एक राष्ट्र एक वर्गणी' या योजनेची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके शासकीय उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली आहेत. परंतु ती संशोधनपत्रिकांसाठी आहे. बी.एस्सी.ची क्रमिक पुस्तके तिच्यात शोधत बसू नका.

आणि छापील पुस्तक अजिबात सोडू नका. ग्रंथालयात बुक बँक, म्हणजे सत्रभरासाठी पुस्तके देण्याची सोय, असेल तर सत्राच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज करा. पुण्याला कोणी जाणार असेल तर अप्पा बळवंत चौकातून जुने पुस्तक आणायला सांगा, मात्र आवृत्ती कोणती हे आधी विचारून घ्या.

प्रश्न : माझा मुलगा बी.कॉम. करत आहे. तो म्हणतो की 'स्वयम्' या सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचा कोर्स केला तर त्याचे गुण पदवीत धरले जातात आणि कॉलेजला जाण्याची गरज नाही. हे खरे आहे का?
— एक पालक, सोलापूर

उत्तर : पहिला भाग खरा होऊ शकतो, दुसरा खरा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून पूर्ण करता येतात आणि त्यांचे श्रेयांक (क्रेडिट) पदवीत जमा होतात. ही कमाल मर्यादा आहे. नेमका कोणता कोर्स कोणत्या विषयाच्या जागी चालेल हे विद्यापीठ आणि महाविद्यालय ठरवते. म्हणून कोर्सला नाव घालण्याआधी विभागप्रमुखांची लेखी संमती घ्यायला सांगा. शिकणे मोफत आहे, पण प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते आणि दर आठवड्याचे स्वाध्यायही वेळेत सादर करावे लागतात. या स्वाध्यायांच्या तारखा एकदा चुकल्या की पुढे परीक्षा कितीही चांगली दिली तरी नुकसान भरून निघणे अवघड जाते.

प्रश्न : बारावीपर्यंत माझे शिक्षण मराठीतून झाले. आता सगळे डिजिटल साहित्य इंग्रजीत आहे. भाषांतराच्या ॲपमध्ये परिच्छेद टाकून वाचतो, पण ते मराठीही समजत नाही.
— एक विद्यार्थी, नंदुरबार

उत्तर : तुम्हाला ते मराठी समजत नाही याचे कारण बहुतेक वेळा पारिभाषिक शब्द हे असते. यंत्र नेहमीच्या शब्दाचा नेहमीचा अर्थ घेते आणि शास्त्रातला अर्थ निसटतो. सगळा परिच्छेद ॲपमध्ये टाकण्याऐवजी इंग्रजी मजकूरच हळूहळू वाचा आणि अडलेली संज्ञा तेवढी शोधा. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने तयार केलेले विविध विषयांचे परिभाषा कोश आता संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. 'मोमेंटम' म्हणजे संवेग, 'इनर्शिया' म्हणजे जडत्व, 'इलॅस्टिसिटी' म्हणजे भौतिकशास्त्रात स्थितिस्थापकता आणि अर्थशास्त्रात लवचिकता, असे शब्द आणि त्यांच्यासमोर स्वतःच्या शब्दांतली एक ओळ अशी वही प्रत्येक विषयासाठी करा. संकल्पनाच नवी असेल तर मराठी विश्वकोशातील नोंद आधी वाचा. तीही मोफत आहे आणि जाणकारांनी लिहिलेली आहे. अभियांत्रिकीकडे वळलेल्या तुमच्या मित्रांना सांगा की अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या 'ई-कुंभ' संकेतस्थळावर मराठी पुस्तके आहेत, आणि संगणकाची कौशल्ये मराठीतून शिकायची असतील तर मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम पाहावा.

प्रश्न : मला जवळजवळ दिसत नाही. मी मराठी विषयात बी.ए. करते आणि फोनवरच्या स्क्रीन रीडरने वाचते. इंग्रजी फाइली तो नीट वाचून दाखवतो, पण विभागाकडून मिळालेल्या मराठी नोट्स उघडल्या की एक तर तो गप्प बसतो किंवा काहीतरी अगम्य बडबडतो. माझा फोन खराब आहे का?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुमचा फोन चांगला आहे. दोष फाइलींत आहे आणि तो दोन प्रकारचा आहे, म्हणून त्यांची कारणे वेगवेगळी सांगतो.

जेथे स्क्रीन रीडर गप्प बसतो, ती फाइल म्हणजे पानांची छायाचित्रे आहेत. पुस्तक स्कॅन करून पीडीएफ केले की माणसाला अक्षरे दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते केवळ चित्र असते. अशा फाइलीतून अक्षरे ओळखून काढावी लागतात आणि मराठीसाठी ते आता शक्य आहे. फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून ती गूगल डॉक्समध्ये उघडली तर देवनागरी मजकूर बराचसा नीट मिळतो. जोडाक्षरांत, रफारात आणि पुसट छपाईत चुका राहतात, तरी ऐकून समजण्याइतके काम होते. मोठी फाइल असेल तर ती आधी प्रकरणांमध्ये तोडून घ्यावी.

जेथे तो बडबडतो तेथील गोष्ट निराळी आहे. मराठीत संगणकावर टंकलेखन सुरू झाले तेव्हा युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत, प्रचारात नव्हते. त्या काळातील फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवले. पडद्यावर 'म' दिसतो, पण फाइलीत साठवलेले असते ते एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह. डोळ्यांनी वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि स्क्रीन रीडर मात्र जे साठवले आहे तेच प्रामाणिकपणे वाचतो. छापखान्यांत आणि अनेक विभागांत हे जुने फॉन्ट अजूनही वापरात आहेत. फाइल कोणत्या प्रकारची आहे हे कळण्यासाठी घरातील कोणाला तरी त्यातील एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवायला सांगा. देवनागरी उमटली तर ती युनिकोड आहे. रोमन अक्षरांचा गोंधळ उमटला तर जुना फॉन्ट आहे. काहीच निवडता आले नाही तर ते चित्र आहे. हीच परीक्षा डोळस विद्यार्थ्यांनीही करून पाहावी, कारण ज्या फाइलीतून मजकूर नीट कॉपी होत नाही तिच्यात शब्दही शोधता येत नाही, आणि चारशे पानांत 'रससिद्धान्त' कोठे आला आहे हे त्यांनाही पान पान पाहूनच शोधावे लागते.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने उपलब्ध आहेत, परंतु ती पीडीएफपेक्षा मूळ वर्ड फाइलीवर चांगली चालतात. ही मूळ फाइल प्राध्यापकांच्या संगणकात असते. ती मागण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी वाचनयोग्य प्रत तयार करण्यास स्पष्ट मुभा दिली आहे, दृष्टिहीनांच्या वाचनासाठी झालेला माराकेश करार मान्य करणारा भारत हा जगातील पहिला देश आहे, आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा शिक्षणसंस्थांवर सोयी पुरवण्याची जबाबदारी टाकतो. 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयाचे सभासदत्वही घ्या. तेथे वाचनयोग्य स्वरूपातील पुस्तके भारतीय भाषांत मिळतात, आणि पाठ्यपुस्तक तेथे नसेल तर त्याची मागणी नोंदवता येते का, तेही विचारा.

विभागप्रमुखांना मात्र तोंडी न सांगता अर्ज द्या. त्यात एवढेच लिहावे: 'मी स्क्रीन रीडरच्या साहाय्याने वाचते. विभागातून मिळणाऱ्या नोट्स जुन्या फॉन्टमध्ये किंवा स्कॅन केलेल्या असल्याने मला वाचता येत नाहीत. कृपया या सत्रातील सर्व विषयांच्या मूळ वर्ड फाइली युनिकोडमध्ये, अथवा आहेत त्या फॉन्टमध्ये फॉन्टच्या नावासह, मला द्याव्यात.' विषयांची आणि प्रकरणांची यादी खाली जोडा. अर्जाची एक प्रत ग्रंथपालांना आणि एक प्राचार्यांना द्या, आणि तिन्ही ठिकाणी पोच घ्या. हे उत्तर वाचणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की त्यांनी असा अर्ज येण्याची वाट पाहू नये. आज आपल्या संगणकातील एक फाइल उघडावी, त्यातील एक ओळ कॉपी करावी आणि ती दुसरीकडे चिकटवून पाहावी.